अंगठीच्या बदल्यात करवत

गेल्या वर्षी ऐन थंडीत माझ्या उजव्या हातातली लग्नाची अंगठी कापून काढावी लागली. साबण लावून झाला, तेल झाले, बोटाला दोरा गुंडाळून झाला, पण सुजलेल्या सांध्यावरून ती काही पुढे सरकेना. शेवटी ह्यांनी मला आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर नेले. तिथे दागिन्यांचा कारखाना आहे. हुगळी जिल्ह्यातला एक तरुण कारागीर तिथे बसतो. त्याने अंगठी आणि बोट यांच्यामध्ये पत्र्याची पातळ पट्टी सरकवली, केसासारख्या बारीक पात्याची करवत घेतली आणि "काकीमा, हिलना मत" एवढे म्हणून दोन मिनिटांत अंगठी कापून माझ्या हातावर ठेवली. बोटावर पांढरे वळ उमटले होते, त्याकडे पाहून तो हसला.

मला मात्र हसू येण्याचे कारण वेगळे होते. ज्या करवतीने अंगठी कापली, तशाच करवतीने ते बोट सुजवून ठेवले होते.

मला फ्रेटवर्कचा नाद आहे. आता हा शब्द किती जणांना आठवेल कोण जाणे. प्लायवूडच्या पातळ फळीवर नक्षी काढायची, आत आत भोके पाडून बारीक करवतीने जाळी कापायची, कडा घासून वॉर्निश मारायचे. एके काळी मध्यमवर्गीय घरांत भिंतीवर असा एखादा गणपती किंवा पत्रे अडकवायचे स्टँड हमखास असे. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, विट्याजवळच्या एका शाळेत चित्रकला आणि हस्तव्यवसाय शिकवत. इंग्लंडात १८९५ पासून 'हॉबीज' नावाचे एक साप्ताहिक निघत असे, त्याबरोबर कापकामाचे नमुने मिळत. तसले काही जुने कागद दादांना कुणा मित्राकडून मिळाले होते. त्यांत चर्चचे मनोरे आणि धुराडी असलेली घरे. दादा त्या मनोऱ्यांची शिखरे करत आणि धुराड्यांच्या जागी तुळशीवृंदावन काढत. मुलांना शिकवून उरलेल्या फळ्या घरी येत. मी आठ वर्षांची असल्यापासून त्यांच्याशेजारी बसून कापत आले. "मुलीच्या जातीला करवत कशाला?" असे आजी म्हणायची. दादा म्हणायचे, "कात्री चालते, सुई चालते, मग ही का नको?"

१९८८ साली लग्न होऊन मी करोल बागमध्ये आले. आम्ही गलाईवाले. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. जिथे सराफ बाजार, तिथे विट्याकडचे एखादे दुकान सापडतेच. ह्यांचे दुकान बीडनपुऱ्यात आहे. दोन माणसे उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेर थांबावे, एवढीच जागा. मोडीचे सोने चांदीत मिसळून वितळवायचे, मग तेजाबात उकळायचे. चांदी-तांबे विरघळून जाते आणि तळाशी तपकिरी भुकटी उरते. ती पुन्हा मुशीत टाकली की तिचे चकचकीत सोने होते. नवी नवरी असताना ती भुकटी पाहून मी विचारले होते, "हे फेकायचं का?" ह्यांनी कपाळाला हात लावला. ती गोष्ट आमच्या नातेवाइकांत अजून सांगितली जाते.

माहेराहून येताना ट्रंकेत मी दादांची जुनी लाकडी मुठीची फ्रेट करवत आणली होती. इथे आल्यावर एक मोठी सोय लक्षात आली. फ्रेट करवतीचे पाते आणि सोनाराच्या करवतीचे पाते एकाच लांबीचे, पाच इंची. विट्याला दादांना पात्यांसाठी सांगली-कोल्हापूरला चकरा माराव्या लागत. करोल बागच्या सोनारी हत्यारांच्या दुकानांत मात्र डझनाची जुडी तारेने बांधून समोर टांगलेली असते. नंबरही किती! शून्यांचे जितके जास्त, तितके पाते बारीक. इथले कारागीर तिला आरी म्हणतात. मला सुरुवातीला ते ऐकून विचित्र वाटे, कारण आपल्याकडे आरी म्हटले की चांभाराचीच डोळ्यांपुढे येते.

संसार, दोन मुले, आत्याबाईंचे आजारपण, या सगळ्यांतून दुपारचा तासभर मिळे, तेव्हा मी गॅलरीत बसून कापत असे. कॉलनीतल्या मुलींच्या रुखवतासाठी पालखी, नावाच्या पाट्या, आमच्या गलाईवाल्यांच्या गणपतीसाठी मखराची जाळी. पैसे मिळत नसत असे नाही. पण मागायला संकोच वाटे. समोरच्याने जे दिले ते घ्यायचे.

पाच वर्षांपूर्वी पुतण्याने मला विजेवर चालणारी एक लहान करवत आणून दिली. स्क्रोल सॉ म्हणतात तिला. हिच्यात पाते उभे असते, दोन्ही टोकांनी पकडलेले, आणि शिवणयंत्राच्या सुईसारखे वर-खाली होते. आपण करवत हलवायची नाही, फळी फिरवायची. मला वाटले, सुटलो! पण त्या यंत्राची एक खोड होती. त्याच्या पात्याला दोन्ही टोकांना आडवी खीळ असे, आणि त्या खिळीवरच ते अडकत असे. जाळी कापायची तर प्रत्येक भोकातून पाते ओवून घ्यावे लागते. खीळ जाण्याएवढे भोक पाडायचे म्हणजे जवळपास पेन्सिल जाईल एवढे! मोराच्या पिसातला डोळा त्यात कसा मावणार? शिवाय तसली पाती बाजारात मिळेनात. पुतण्याने सोबत आणलेली संपली की यंत्र बंद. वर त्याचा हादरा असा की शेजारच्या फडताळातल्या वाट्या वाजायच्या. बाहेरच्या मोठ्या रेषा त्या यंत्रावर आणि आतली बारीक जाळी हाताने, असा दुहेरी संसार मी चार वर्षे केला. त्यातच गेल्या वर्षी एका देवघरासाठी अकरा जाळ्यांचे काम घेतले. दिवसाला दोन-अडीच तास हात वर-खाली. सातव्या जाळीला बोट सुजले.

डॉक्टर म्हणाले, बोटांच्या सांध्यांची झीज आहे, ती वयाची. पण तीच तीच हालचाल रोज केली तर वाढेल. घरी आल्यावर हे म्हणाले, "आता बास. पुष्कळ झालं." रागाने नाही, काळजीने म्हणाले. पण मला ते शब्द अंगठी कापण्यापेक्षा जास्त लागले. साठीला आलेल्या बाईला 'बास' म्हणणे फार सोपे असते. तिने स्वतःच ते म्हणावे अशीही सगळ्यांची अपेक्षा असते. मी दोन महिने करवतीला हात लावला नाही. आठवी जाळी अर्धवट कपाटावर पडून होती.

पुतण्यानेच मग सांगितले की बिनखिळीची साधी पाती घेणारे यंत्र मिळते. चिमट्यात पाते धरून स्क्रू आवळायचा, एवढेच. म्हणजे माझी सोनारी पाती त्यात बसणार! मी म्हटले, चल, बघून येऊ.

दिल्लीत यंत्रे आणि हत्यारे घ्यायची तर लोक श्रद्धानंद मार्गावर जातात, पूर्वीचा जी. बी. रोड. तिथे खाली ओळीने मोटारी, पंप, ड्रिल, पाने यांची दुकाने आहेत. वरच्या मजल्यांची ख्याती वेगळी आहे, ती साऱ्या देशाला ठाऊक आहे. हे म्हणाले, "तू कशाला? पोरगा आणील." मी म्हटले, "वापरणार मी, पाहणार मी." इतक्या वर्षांत दिल्लीतला हा रस्ता मी रिक्षातूनसुद्धा पाहिला नव्हता. प्रत्यक्षात तिथे हमाल, हातगाड्या आणि ग्रीसचा वास, दुसरे काही अंगावर आले नाही. वर खिडकीत एक माझ्याच वयाची बाई कपडे वाळत घालत होती. आमची क्षणभर नजरानजर झाली. मग ती आत गेली.

दुकानदार बोलत होते पुतण्याशी. मी विचारले तरी उत्तर त्याला. स्क्रोल सॉ म्हटले की हातात धरायची जिगसॉ काढून दाखवत. ती सुताराची, दार-खिडक्यांची. चौथ्या दुकानात एका वयस्क सरदारजींनी मला सरळ विचारले, "क्या काटना है, बहनजी?" मी पिशवीतून दादांचा एक नमुना काढून दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो दिव्याखाली धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "इसके लिए तो बिना पिन वाली ही चलेगी." त्यांनी आठवड्यात मागवून देतो म्हणून सांगितले. किंमत ऐकून पुतण्या गप्प झाला. मीही.

बसमध्ये मी बोटावरच्या पांढऱ्या वळाकडे पाहत होते. अंगठीचे दोन तुकडे डबीत पडून होते. डागून पुन्हा घालता आली असती, पण ते बोट आता तिला घेणार नव्हते.

रात्री मी डबी ह्यांच्यापुढे ठेवली. म्हटले, "ही मोडीत घ्या."

हे काही बोलले नाहीत. सकाळी डबी घेऊन दुकानात गेले. गलाईवाल्याच्या घरात सोने वितळणे ही रोजची गोष्ट, पण स्वतःच्या बायकोची लग्नातली अंगठी मुशीत टाकणे ही रोजची गोष्ट नव्हे, हे मला कळत होते. दुपारी न राहवून मी डबा द्यायच्या निमित्ताने दुकानात गेले. आता टंच कसोटीच्या दगडावर काढत नाहीत. क्ष-किरणांच्या यंत्रात तुकडा ठेवला की मिनिटभरात कागद बाहेर येतो. तो कागद ह्यांनी मला पाहून पटकन खिशात घातला. पण चाळीस वर्षे ह्यांच्या घरात काढत आले, मला आकडा वाचता येतो. बावीस कॅरेट म्हणजे शेकडा ९१.६ हवे. कागदावर होते ७९ आणि काहीतरी. एकोणीस कॅरेट!

ही अंगठी मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, स्वतः समोर बसून घडवून घेतली होती. लग्नात "बावीसची आहे, गलाईवाल्याच्या घरातली" म्हणून मांडवभर फिरवली होती. सोन्याला हॉलमार्क आले २००० साली आणि ते सक्तीचे झाले २०२१ पासून. त्याआधी सारा मामला विश्वासाचा. पण उभा जन्म दुसऱ्याच्या सोन्यातली खोट काढणाऱ्याला आपल्याच सुनेच्या अंगठीत फसवावे, म्हणजे कमाल झाली.

"टाका जास्त असेल," हे म्हणाले. अंगठीला एवढा टाका कुठला लागणार! मी हसू दाबत विचारले, "मग फरक कोण भरणार?"

"ज्यांनी घातली त्यांनी," ते म्हणाले, आणि बावीसच्या भावाने हिशेब करून पैसे हातावर ठेवले. थोडे कमी पडले ते मी शिवणाच्या पैशांतून घातले. यंत्राची नेमकी किंमत मात्र मी ह्यांना अजून सांगितलेली नाही. त्यांनीही विचारलेली नाही.

यंत्र आले ते खोक्यातून दोन माणसांनी तिसऱ्या मजल्यावर चढवले. चांगले जड होते. पहिल्या यंत्राचा हादरा आठवून मी आधीच तयारी ठेवली होती. जुन्या शिवणयंत्राच्या लोखंडी स्टँडवर जाड फळी, तिच्याखाली टायरच्या ट्यूबचे तुकडे, आणि यंत्र चार बोल्टांनी आवळलेले. बटण दाबले. मी पाण्याचा पेला वर ठेवून पाहिला. पाणी थरथरले, पण सांडले नाही. आवाज म्हणाल तर चालू मिक्सरपेक्षा पुष्कळ कमी, जुन्या पंख्यासारखी एकसुरी गुणगुण. खालच्या कारखान्यात पॉलिशच्या मोटारी दिवसभर फिरत असतात, त्यांत ती कुणाला ऐकूसुद्धा जात नाही. फक्त सोमवारी, बाजार बंद असतो तेव्हा, जिन्यापर्यंत येते.

पहिल्या संध्याकाळी मी सात पाती तोडली. सात! हाताने कापताना महिन्यात इतकी तुटत नसत. पुतण्या म्हणाला, "काकी, यंत्र खराब आलंय का?" यंत्र चांगले होते, खराब माझी सवय होती. हाताच्या करवतीला जोर लावावा लागतो, तो जोर मी फळी ढकलण्यात लावत होते. पाते मागे वाकायचे आणि टणकन तुटायचे. वेगही सुरुवातीलाच मोठा ठेवला. ह्या यंत्राला एक चक्री आहे, तिने मिनिटाला चारशेपासून सोळाशेपर्यंत फेऱ्या कमी-जास्त करता येतात. हातात नवी वस्तू आली की माणूस ती सोळाशेवरच नेतो. लाकूड करपून काळे पडले, खोलीत धुराचा वास. मग मला शिवणयंत्र आठवले. कापड आपण कधी सुईखाली ढकलतो का? नुसते दिशा देतो. चक्री सहाशेवर आणली, खांदे सैल सोडले आणि फळीला नुसता हात लावून राहिले. पाते आपले आपण पुढे जाऊ लागले.

पात्याचा ताणही कळायला दोन दिवस लागले. आवळलेल्या पात्याला नखाने छेडायचे. तंबोऱ्याच्या तारेसारखा स्पष्ट सूर आला तर ठीक, भद्द आवाज आला तर ढिले. माझी सोनारी पाती यंत्रात बसली खरी, पण ती धातूसाठी असतात, दात फार जवळ जवळ. हळू हाताच्या कामाला चालून जात, यंत्राच्या वेगात त्या दातांत भुसा अडकतो आणि लाकूड जळते. लाकडासाठी एक आड एक दात गाळलेली पाती येतात, ती मागवावी लागली. सगळे करोल बागमध्येच मिळेल हा माझा अभिमान तेवढा उतरला. एक युक्ती मात्र फुकटात सापडली. नक्षीच्या कागदावर पॅकिंगची पारदर्शक चिकटपट्टी लावली तर लाकूड करपत नाही.

सर्वांत बुचकळ्यात टाकले ते सरळ रेषेने. सरळ ढकलावे तर पाते हटकून उजवीकडे पळे. वाटले, वयाने डोळा चुकू लागला. दोन दिवस मी हे कुणाला सांगितलेसुद्धा नाही. मग भिंगाखाली पाते धरून पाहिले. दात पाडताना एका अंगाला बारीक कोर राहते, ती बाजू जास्त कापते. म्हणजे फळीच किंचित तिरकी धरायची, की रेषा सरळ येते. डोळ्याचा दोष नव्हता, हे कळल्यावर मी स्वतःसाठी आले घालून चहा केला.

हात बसावा म्हणून नातीसाठी महाराष्ट्राचा नकाशा कापला, जिल्ह्याजिल्ह्याचे तुकडे करून. मूळ कल्पना फार जुनी आहे. १७६०च्या सुमाराला लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाच्या नकाशे कोरणाऱ्याने नकाशा फळीवर चिकटवून देशादेशाच्या सीमेवर कापला, मुलांना भूगोल शिकवायला. जिगसॉ कोडी निघाली ती तिथून. आपल्याकडे जिल्हे छत्तीस. कोकणची किनारपट्टी कापताना घाम फुटला. सांगली सुरेख उतरली, माहेर-सासर दोन्ही तिच्यातच, तिथे हात कसा चुकेल! मुंबई शहराचा तुकडा मात्र एवढासा, की तो सुटताक्षणी यंत्राच्या भुसा उडवणाऱ्या नळीने उडवला. आम्ही दोघी पलंगाखाली शोधत बसलो. नात दिल्लीत जन्मलेली, तिला मुंबईचे काय! ती म्हणाली, "आजी, राहू दे ना, समुद्रच आहे तिथे." अजून सापडलेला नाही.

भुशावरून घरात एक वाद झाला. लाकडाची बारीक धूळ छातीला वाईट. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच तिला कर्करोगकारक ठरवले आहे. हे पुतण्याने मोबाइलवर वाचून दाखवले आणि ह्यांनी मला मास्कशिवाय बसायचे नाही असा हुकूम सोडला. मी म्हटले, "आणि तुमच्या तेजाबाचा तो पिवळा धूर? खोकता कोण रात्रभर?" ह्यावर ते गप्प बसले. दुसऱ्या दिवशी मास्कचे दोन खोके घेऊन आले, एक घरी ठेवले, एक दुकानात नेले. खालच्या कारखान्यात सोन्याचा कीस कातड्याच्या झोळीत गोळा करतात, बसण्याची चटईसुद्धा जाळून राखेतून सोने काढतात, गल्लीतली माती न्यारिये विकत घेतात. माझा भुसा तेवढा कचरेवाला नाक मुरडत नेतो.

अर्धवट राहिलेल्या जाळ्या तीन आठवड्यांत संपल्या. हाताने एका जाळीला सहा दिवस लागत, इथे दीड. आठव्या जाळीपासून पुढच्या जाळ्यांच्या कडा इतक्या स्वच्छ आल्या की पहिल्या सात त्यांच्याशेजारी ठेवल्यावर ओशाळवाण्या दिसू लागल्या. ज्यांचे देवघर, त्या बाईंना मी सरळ सांगितले. त्यांनी निरखून पाहिले आणि म्हणाल्या, "मला तर ह्या आधीच्याच आवडतात." मी त्या जाळ्यांचे पैसे पहिल्यांदाच तोंडाने मागितले. त्यांनी दिले.

आणि मग मी दादांचा मोर काढला.

दादा २००३ साली गेले. त्यांच्या कागदांत बटर पेपरवरचा एक मोर होता, पिसारा फुलवलेला. भोके मोजली तर एकशे बारा. त्यांनी तो स्वतः कधी कापला नाही. मी चाळिशीत असताना एकदा धाडस केले होते. नव्वद भोके कापून झाल्यावर हात जड झाला, करवत जराशी हिसकली आणि मोराची मान मोडली. त्यानंतर तो कागद ट्रंकेच्या तळाशी गेला, तो गेलाच.

कागदाची झेरॉक्स काढली. मेट्रोने कीर्तीनगरला, करोल बागपासून चौथे स्टेशन, जाऊन लाकूड बाजारातून सागाची पाव इंची फळी आणली. चार संध्याकाळी लागल्या. भोक पाडा, पाते ओवा, वरचा स्क्रू आवळा, नखाने छेडा, कापा, सोडवा, पुढच्या भोकात ओवा. एकशे बारा वेळा. यंत्राने वर-खाली करण्याचे कष्ट वाचवले, पण ओवायचे काम हाताचेच. बोटे दुखली नाहीत असे म्हणणार नाही. पण ते दुखणे कापड शिवल्यावरचे, सुजण्याचे नव्हे. मानेला मी शेवटी हात घातला. दादांनी मानेच्या दोन्ही बाजूंना वेलीची एकेक बारीक फांदी टेकवलेली आहे. चाळिशीत मला ती उगाच वाटली होती, सौंदर्य बिघडवते म्हणून मी ती काढून टाकून कापायला घेतले होते. आता यंत्रावर फळी फिरवताना कळले की त्या फांद्यांनी मान धरून ठेवली होती.

मान राहिली. हे दुकानातून आले तेव्हा मी भुशात बसले होते. त्यांनी मोर खिडकीच्या उजेडाला धरला, भोकांतून पलीकडचा रस्ता पाहिला, आणि धंद्याच्या सवयीने आधी वजनाचा अंदाज घेतला. मग माझा हात हातात घेऊन बोटावर अंगठा फिरवला. पांढरा वळ आता दिसत नाही.

"दिवाळीला नवी घडवू," ते म्हणाले. "ह्या खेपेला टंच मी काढीन."

मी म्हटले, "अहो, यंत्राला पायाने चालू-बंद करायचं एक पॅडल मिळतं. दोन्ही हात मोकळे राहतात. त्याला फार पडत नाहीत."